आज उडायचं नाही



मागच्या भागात मी तुम्हाला आइसलँडच्या वात्नायोकुल हिमनदीच्या कडेकडेने उडवत नेलं, अकुरेरी नावाच्या गावात उतरवलं आणि "पुढचं पुढच्या वेळी" म्हणून निरोप घेतला. तेव्हापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी कुठे गेलात? तर मंडळी, दुसऱ्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. विमान विमानतळावर दोरांनी बांधून ठेवलेलं होतं आणि आम्ही तिघं गावात होतो. खरं सांगायचं तर या आठ दिवसांच्या प्रवासातला मला सगळ्यात जास्त आठवणारा दिवस तोच आहे.

जे आज पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझा आतेभाऊ कोपनहेगनला नोकरी करतो. त्याच्याकडे खासगी पायलटचं लायसन्स आहे. मागच्या वर्षी आमची आजी गेली आणि त्यानंतर त्याने आईला फोन करून सांगितलं, "मामी, या जूनमध्ये तुला आइसलँड दाखवणार. विमान मी चालवणार." आई बडोद्याच्या घराबाहेर सलग चार दिवस कधी राहिली होती, ते तिलाही आठवत नव्हतं. बाबा म्हणाले, "मला जमिनीवरच बरं आहे." मग आई, मी आणि दादा असे तिघं निघालो. विमान म्हणजे चार सीटचं सेस्ना. एकच इंजिन, पंख डोक्यावर, वेग ताशी साधारण 200 किलोमीटर. चौथ्या सीटवर आमच्या बॅगा, त्याही काट्यावर वजन करून. आईच्या चकलीच्या डब्याचंसुद्धा वजन झालं होतं, हे मागे सांगितलंच आहे.

आता अकुरेरीबद्दल. आइसलँडच्या उत्तरेला एयाफ्योर्दुर नावाची समुद्राची एक लांबलचक फट जमिनीत आत शिरलीय. अशा फटीला फियोर्ड म्हणतात आणि देशातल्या मोठ्या फियोर्डपैकी हा एक. त्याच्या टोकाशी हे गाव वसलंय. लोकवस्ती 20 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचा एखादा मध्यम वॉर्ड. तिथून आर्क्टिक वर्तुळ जेमतेम 100 किलोमीटरवर. विमानांशी या गावाचं जुनं नातं आहे. 1937 साली इथेच एक छोटी विमान कंपनी सुरू झाली आणि पुढे तिचीच वाढ होत आजची आइसलँडएअर झाली. बेटाला वळसा घालणारा रस्ता पूर्ण व्हायला 1974 साल उजाडावं लागलं. त्याआधी दक्षिणेकडच्या हिमनदीच्या नद्यांवर पूलच नव्हते, त्यामुळे कितीतरी वस्त्यांना छोटं विमान हाच सोयीचा रस्ता होता. आजही दूरदूरच्या गावांतून आजारी माणसांना आणणाऱ्या विमानाचा तळ अकुरेरीतच आहे. अशा गावात येऊन विमानात न बसता दिवस काढायचा, हे मला सकाळी अजिबात पटलं नव्हतं.

कारण सकाळ कशी होती ते ऐका. मी सातला पडदा सरकवला तर आकाश निळंशार, समोरचं पाणी आरशासारखं आणि पलीकडच्या डोंगरांवर बर्फाच्या रेघा. वाऱ्याचा पत्ता नाही. माझ्या मनात लगेच ग्रिम्से आलं. ग्रिम्से म्हणजे उत्तर किनाऱ्यापासून 40 किलोमीटरवरचं चिमुकलं बेट. आर्क्टिक वर्तुळ त्या बेटावरून जातं. अकुरेरीहून विमानाने अर्ध्या तासाचंही अंतर नाही. धावपट्टीवर पक्षी बसलेले असतात, म्हणून विमान उतरायच्या आधी त्यांना हाकलावं लागतं. मी मनातल्या मनात फोटो काढून झाला होता, त्याखालचं वाक्य लिहून झालं होतं आणि या सदराचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

गेस्टहाउसच्या स्वयंपाकघरात गेले तर आई आधीच हजर. तिघांचे कपडे धुऊन वाळत घातलेले, पोहे भिजवलेले आणि ओटा असा पुसलेला की मालकिणीने बघितला असता तर भाडं कमी केलं असतं. "कधी उठलीस?" विचारलं तर म्हणाली, "उजाडलं तेव्हा." जूनमध्ये अकुरेरीत सूर्य रात्री एकच्या सुमारास मावळतो आणि अर्ध्या तासात पुन्हा वर येतो. मधल्या वेळातही अंधार असा होतच नाही. त्यामुळे "उजाडलं तेव्हा" या उत्तराला काही अर्थच नव्हता. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दादा नऊला उठून आला. डोळे सुजलेले. मी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि लगेच विषय काढला.

"दादा, ग्रिम्सेला जाऊन येऊ या ना. असं आकाश पुन्हा मिळणार नाही."

"आज रेस्ट डे आहे. निघायच्या आधीच ठरलंय."

"पण अर्ध्या तासाचं अंतर आहे! दुपारी जेवायला परत."

"अगं, अंतराचा प्रश्नच नाहीये."

मी बरंच बोलले. इतके पैसे खर्च केलेत, व्हिसासाठी इतक्या खेपा घातल्या, आई पुन्हा थोडीच येणार आहे इकडे. शेवटचं वाक्य मुद्दाम आईसमोर टाकलं. दादा चिडला नाही. त्याने एक पेपर नॅपकिन घेतला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं एकाखाली एक लिहिली. आय, एम, एस, ए, एफ, ई. वाचलं तर होतं "आय एम सेफ".

ही यादी पायलटना अगदी सुरुवातीला शिकवतात. विमानाची तपासणी करायच्या आधी स्वतःची करायची. आय म्हणजे इलनेस, काही दुखतंय-खुपतंय का. एम म्हणजे मेडिसिन, कुठलं औषध घेतलंय का, कारण सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते. एस म्हणजे स्ट्रेस, डोक्याला काही ताण आहे का. ए म्हणजे अल्कोहोल. एफ म्हणजे फटीग, थकवा. आणि ई म्हणजे इमोशन, मन थाऱ्यावर आहे का. सहातलं एक जरी उत्तर अडलं तरी त्या दिवशी उडायचं नाही.

"माझा एफ अडलाय," दादा म्हणाला. "तीन रात्री मिळून मी बारा तास झोपलोय. या उजेडात झोपच लागत नाही. शरीराला कळत नाही दिवस कधी संपला."

मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. मोठ्या कंपन्यांच्या पायलटना विश्रांती नियमानेच मिळते. आपल्याकडेही डीजीसीएने त्यांची आठवड्याची सलग सुट्टी 36 तासांवरून 48 तास केली. पण त्याच्यासारख्या हौशी पायलटच्या झोपेचे तास मोजायला मागे कोणी बसलेलं नसतं. तो थकलाय की नाही, हे त्याचं त्यालाच ओळखावं लागतं. आणि थकलेल्या माणसाची पंचाईत अशी की थकवा आधी त्याची पारखच खातो. आपण किती थकलोय हेच त्याला कळेनासं होतं. वर मागे बसलेली मंडळी "चल ना, इतकं छान आकाश आहे" म्हणत असतात. "पोहोचायचंच" या हट्टाला पायलट लोकांनी रोगासारखं नाव दिलंय, कारण त्यापायी चांगले चांगले पायलट गेलेत.

"आणि उद्या इसाफ्योर्दुर आहे," तो म्हणाला. वायव्येकडचं हे गाव डोंगरांच्या कुशीत आहे. तिथे विमान फियोर्डच्या आत न्यायचं, डोंगराच्या भिंतीजवळून वळवायचं आणि मग कुठे धावपट्टी समोर येते. "तिथे मला जागा असलेला मी हवाय."

मी गप्प बसले. थोडी घुश्शातच, कबूल करते.

मग दादाने नॅपकिन आईकडे फिरवला. "मामी, तुझं सांग. सहा प्रश्न."

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली आणि उठून बशा विसळायला लागली.

पोहे झाल्यावर दादा पुन्हा झोपायला गेला आणि आम्ही मायलेकी गावात निघालो. अकुरेरीत सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा होता. 2008 मध्ये देशातल्या बँका कोसळल्या, लोक हवालदिल झाले, तेव्हा गावाला जरा हसू यावं म्हणून हे बदाम बसवले. आई प्रत्येक सिग्नलला थांबत होती, रस्ता पूर्ण रिकामा असतानाही. म्हणाली, "एवढ्या प्रेमाने थांबा म्हणतायत तर थांबावं."

चढ चढून बागेत गेलो. ही बाग 1912 साली गावातल्या बायकांनी पुढाकार घेऊन उभी केली. इतक्या उत्तरेला झाडं जगतील का, हाच जिथे प्रश्न होता तिथे त्यांनी माती तयार केली आणि झाडं लावली. मार्ग्रेथे नावाच्या एका बाईंनी तर कित्येक वर्षं एक पैसाही न घेता ही बाग सांभाळली. त्यांचा अर्धपुतळा आज बागेत आहे. मी हे आईला वाचून दाखवलं. ती पुतळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बसलेली दिसत नाही गं कुठे. उभीच असेल जन्मभर." मी हसले. अर्धपुतळ्यात कोण बसलंय आणि कोण उभं आहे हे थोडंच कळतं?

तिथून पोहण्याच्या तलावावर. आइसलँडमध्ये आपल्या चावडीचं काम हे तलाव करतात. जमिनीतून गरम पाणी येतं, त्यामुळे बाहेर थंडी असली तरी उघड्यावरचे तलाव बारा महिने चालू. कडेला छोटी गरम कुंडं असतात, वेगवेगळ्या तापमानांची. त्यात गळ्यापर्यंत बसून लोक गप्पा मारतात. मात्र पाण्यात जायच्या आधी एक नियम फार कडक आहे. कपडे काढून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, पोहण्याचा पोशाख त्यानंतर. पाण्यात औषध कमी घालायचं असेल तर माणसांनी स्वच्छ यावं, असं साधं गणित. पण अंघोळीची जागा सामाईक असते. मला धडकी भरली ती आईसाठी. पडद्याआडचा एखादा शॉवर शोधावा म्हणून मी इकडेतिकडे बघतेय, तोवर आईची अंघोळ उरकलीसुद्धा.

"आई, तुला काही वाटलं नाही?"

"सहा वर्षं रोज तुझ्या आजीला अंघोळ घातली," ती केस बांधत म्हणाली. "अंगाची लाज कधीच गेली माझी. अंग म्हणजे काय, धुवायची गोष्ट."

कुंडात आमच्याशिवाय दोन म्हाताऱ्या होत्या, त्याही थोड्या वेळाने गेल्या. पाण्यावर वाफ होती. आई डोळे मिटून बसली होती आणि तिने न विचारता सांगायला सुरुवात केली.

"मी झोपले नाहीये गं. आल्यापासून."

आजीला अर्धांगाचा झटका आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठीला जखमा व्हायला नको असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. दिवसा बाई यायची. रात्रीचं आई करायची. बाराला, दोनला, चारला. गजर लावावा लागत नसे, जाग यायचीच. आजीला जाऊन वर्ष झालं, जाग मात्र अजून येते. बडोद्याला काळोख असतो, त्यामुळे आजूबाजूला बघून ती पुन्हा आडवी होते. इथे दोनला डोळे उघडले की खोलीत लख्ख उजेड. तिला वाटायचं, चुकलं, उशीर झाला, आजी एकाच कुशीवर राहिली. छाती धडधडायची. मग उठून ती काहीतरी करत बसायची. कपडे धू, ओटा पूस, पोहे भिजव.

"आणि विमानात?"

"विमानात बरं वाटतं. तिथे कुणाला माझी गरज नसते. पण काल उतरताना गरगरलं मला. बोलले नाही. तुम्हा मुलांची मजा कशाला घालवायची?"

मंडळी, त्या सहा वर्षांत मी बेंगळुरूला नोकरीला होते. वर्षातून दोनदा घरी यायचे. पहिल्या रात्री म्हणायचे, "आई, आज मी बघते आजीचं, तू झोप." आणि मी गाढ झोपून जायचे. सकाळी उठून विचारायचे, "मला उठवलं का नाहीस?" ती म्हणायची, "तू प्रवासाने दमली होतीस." ते मला पटायचं. एका रात्रीच्या प्रवासाने मी दमू शकते, ती मात्र सहा वर्षांत एकदाही दमत नाही, यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही. घरात तिचे तास मोजायला कोणीच बसलेलं नव्हतं.

त्या क्षणी मी फार काही बोलू शकले नाही. "सॉरी" म्हटलं तर ती म्हणाली, "गप गं, पाणी छान आहे." मग आम्ही बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत बसून राहिलो.

परत येताना दुकानातून स्कीर घेतलं. स्कीर हा तिथला दुधाचा जुना पदार्थ, घट्ट आणि आंबटसर. आईने चमचा तोंडात घातला आणि उद्गारली, "अगं, हा तर चक्का!" गेस्टहाउसवर येऊन तिने त्यात साखर घोटली आणि चहाच्या पुडीतली वेलची कुटून घातली. श्रीखंड करतानाच ती म्हणाली, "जरा पाठ टेकते." मी दोन्ही पडदे ओढले, वरून जाड पांघरूणं अडकवली आणि फटींत टॉवेल कोंबले. पहिल्यांदा त्या खोलीत रात्र झाली.

ती दुपारी दोनला झोपली. चारला तिची चुळबुळ ऐकून मी जवळ गेले आणि म्हणाले, "झालं आई, मी बदलली कूस. तू झोप." माझ्या तोंडून हे कसं गेलं मला माहीत नाही. ती "हं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली. सहाला मात्र काहीच हालचाल झाली नाही. रात्री आठला ती उठली तेव्हा दादा आणि मी श्रीखंडाचं पातेलं जवळजवळ रिकामं केलं होतं. तिने आधी पातेल्याकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे. घड्याळाकडे जास्त वेळ बघत होती.

तुम्हाला वाटत असेल, संध्याकाळी धुकं आलं, वादळ झालं आणि दादाचा निर्णय बरोबर ठरला. तसं काही झालं नाही. आकाश दिवसभर निळंच राहिलं. ग्रिम्सेला आरामात जाऊन आलो असतो आणि कदाचित काहीही झालं नसतं. आमचं ग्रिम्से राहिलं ते राहिलंच. दादाला मी हे म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, "थकून उडालो आणि सुखरूप उतरलो, की मग पुढच्या वेळीही थकून उडतो माणूस. ते जास्त वाईट." नंतर हे वाक्य मी आईच्या सहा वर्षांना लावून बघितलं. एक रात्र निभली, म्हणून दुसरी निभली, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की निभतंय.

म्हणून आज तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, म्हाताऱ्या माणसाचं करणारं, लहान बाळाचं करणारं किंवा सगळ्यांचंच करणारं. त्यांना "दमलीस का?" असं विचारू नका. उत्तर "मला काय धाड भरलीय" हेच येणार. सहा प्रश्न वेगवेगळे विचारा. काही दुखतंय का, कुठली गोळी घेतेयस, कसली काळजी आहे, किती तास झोपलीस, मन कसं आहे. पाच झाले, सहावा दारूचा, तो तुमच्या घराप्रमाणे बघा. आणि ती "हो, थकलेय" म्हणाली तर "मग आराम कर" एवढं म्हणून थांबू नका. खोलीत अंधार करून द्या आणि तिची दोनची आणि चारची पाळी खरंच घ्या. माझ्यासारखं झोपून जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाशेजारी उभं राहून दादाने आईला पुन्हा सहा प्रश्न विचारले. तिने या वेळी बोटांवर मोजत नीट उत्तरं दिली. "दुखत नाही. गोळी नाही. ताण नाही. दारू... चल चावट. झोप झाली, मधे एकदाच उठले." मग ती जराशी थांबली. "मनाचं म्हणशील तर अजून थोडं जड आहे."

"चालेल," दादा म्हणाला. "विमान मी चालवतोय. तू जड मनाने बस, वजनात धरलंय मी."

पुढच्या भागात इसाफ्योर्दुरचं ते वळण. तेव्हा मात्र डोळे मिटून मी बसले होते आणि आई खिडकीतून बघत होती. भेटू या!